सही तुमचीही आहे ना, मग आधी ते सांगा

पत्र (थोडं छाटलंय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही):

"सर नमस्कार. मी मराठवाड्यात एका तालुक्याला नायब तहसीलदार आहे, रुजू होऊन दीड वर्ष झालं. आमच्या एका सजात (तलाठ्याच्या हद्दीत) अतिवृष्टी अनुदानात घोळ निघालाय. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही अशी नावं यादीत आहेत, काहींचं क्षेत्र वाढवलंय, एकाच घरात चौघांच्या खात्यावर पैसे गेलेत. प्रांत साहेबांनी प्राथमिक चौकशी माझ्याकडे दिली, लेखी आदेश आहे, १५ दिवसांची मुदत होती, आता दीड महिना झाला. आमदार साहेबांच्या पीएचे तीन फोन आले, ते म्हणतात मॅडम तलाठ्याचं काय व्हायचं ते होऊ द्या पण विषय त्याच्यापुरता ठेवा, फाटे फोडू नका. दुसरीकडे विरोधी गटाचे लोक रोज ऑफिसला येऊन बसतात, तलाठ्याला निलंबित करून गुन्हा दाखल केला नाही तर १५ ऑगस्टला उपोषण, आणि मोबाईलवर शूटिंग चालूच असतं. तलाठी संघटना म्हणते एकतर्फी अहवाल गेला तर तालुक्यातल्या सगळ्या डीएससी (डिजिटल सह्या) जमा करू. तहसीलदार साहेब 'बघा, समजून घ्या' एवढंच बोलतात. तलाठी बायकोला घेऊन घरी आला होता, रडला, म्हणाला मी दिलेली यादी वेगळी आणि अपलोड झाली ती वेगळी, लॉगिन ऑपरेटरकडे असायचं. मधे १२ दिवस तहसीलदारांचा चार्ज माझ्याकडे होता तेव्हा एका पुरवणी यादीवर माझी पण सही झालीये पण ते रुटीन होतं, पीए एकदा हसत हसत बोलले होते त्याबद्दल. घरचे म्हणतात मेडिकल टाक आणि सुट. अहवालात काय लिहू?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं नेहमीचंच आहे, पीएचा फोन, उपोषणाचा इशारा, साहेबांचं समजून घ्या. महसुलात एकतीस वर्षं काढली आणि त्यातली शेवटची बरीचशी दुसऱ्यांच्या चौकशा करण्यात गेली, त्यामुळे हे सगळं तोंडपाठ आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र शेवटाकडच्या एका ओळीवर अडकलो. "माझी पण सही झालीये पण ते रुटीन होतं." ताई, सही होत नसते हो, करावी लागते. आणि ज्या गोष्टीचा खुलासा आपण न विचारता देतो, ती आपल्याला आतून टोचत असते, हे तुम्हालाही माहितीये, नाहीतर तुम्ही ती ओळ लिहिलीच नसती.

तुम्ही विचारलंय अहवालात काय लिहू. माझं म्हणणं, अहवाल राहू द्या बाजूला. उद्या सकाळी ऑफिसला गेलात की चहाच्या आधी प्रांत साहेबांना एक पानी पत्र लिहा, की ज्या यादीची चौकशी माझ्याकडे आहे त्याच कामातल्या एका पुरवणी यादीवर माझी स्वतःची सही आहे. मजकूर साधा ठेवा. "संदर्भीय आदेशान्वये प्राथमिक चौकशी माझ्याकडे सोपविण्यात आलेली आहे. दि. अमुक ते दि. अमुक या कालावधीत तहसीलदार पदाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे होता व पुरवणी यादी क्रमांक अमुक वर माझी स्वाक्षरी आहे. ही बाब आपल्या निदर्शनास आणून देत असून सदर चौकशी अन्य अधिकाऱ्याकडे सोपविणेबाबत उचित आदेश व्हावेत, ही विनंती." संपलं. त्यात "अनावधानाने" घालू नका, "रुटीन" तर अजिबात नको, "कामाच्या व्यापात" पण नको. हे पत्र बचावाचं नाहीये. बचाव ज्या दिवशी खुलासा मागतील त्या दिवशी.

आता का, ते सांगतो, कारण तुम्हाला वाटेल म्हातारा स्वतःहून मला खड्ड्यात घालतोय.

एक तर उघड आहे, ज्या प्रकरणात आपला पाय आहे त्याची चौकशी आपण करायची नसते. पुस्तकातलं वाक्य म्हणून सोडून देऊ नका. उद्या दोषारोपपत्र निघालं, विभागीय चौकशी उभी राहिली, तर तलाठ्याचा बचाव सहायक म्हणून बहुतेक कोणीतरी रिटायर्ड अव्वल कारकून येईल, ही मंडळी फार तयार असतात, आणि तो पहिल्याच तारखेला तुमची ती पुरवणी यादी टेबलावर ठेवेल. मग तुमचे दीड महिन्याचे कष्ट, जबाब, पंचनामे, सगळ्यावर एकच शिक्का बसतो, स्वतःला वाचवायला तलाठ्याला अडकवलं. तलाठी खरोखर दोषी असला तरी सुटेल आणि नसला तरी तुमच्यावर डाग.

दुसरं कारण पीएच्या हसण्यात आहे. तुम्ही लिहिलंय की तो हसत हसत बोलला. ताई, तीन फोनमधलं खरं काम त्या हसण्याने केलंय, बाकीचं बोलणं नुसतं तोंडी लावायला. त्याने बदलीची धमकी दिली नाही, गडचिरोलीचं नाव काढलं नाही (सगळ्यांना गडचिरोलीच कशी आठवते कोण जाणे, तिथेही माणसं राहतात आणि चांगली कामं होतात), कारण त्याला गरजच नव्हती. तुमची सही त्याच्या हातात आहे. ती तुम्ही स्वतः उचलून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवली की त्याच्या हातात काहीच उरत नाही. दबाव म्हटलं की आपण आमदार, मंत्री, मुंबईचा फोन असलं मोठं मोठं डोक्यात आणतो, पण माझ्या बघण्यात बहुतेक वेळा दबाव आपल्याच एखाद्या जुन्या चुकीच्या दोरीने बांधलेला असतो, कधी सही, कधी जास्तीची लावलेली गाडी, कधी नातेवाइकाचं बिल.

होईल काय? तुम्हालाही खुलासा विचारतील, हे धरूनच चाला. विचारला तर खरं ते लिहा, यादी कोणी आणली, सोबत काय कागद होते, तुम्ही त्यातली किती नावं सातबाऱ्याशी ताडून बघितली. एकही बघितलं नसेल तर एकही बघितलं नाही असं लिहा. हा निष्काळजीपणा आहे, त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये किरकोळ शिक्षा आहेत, ठपका आहे, वेतनवाढ रोखणं आहे, नियम १० खाली तुमचं निवेदन घेऊन ते प्रकरण संपू शकतं. वाईट वाटेल, पण माणूस त्यातून बाहेर येतो. तीच सही लपवून तुम्ही दुसऱ्याची चौकशी केली आणि मग ती बाहेर आली, तर प्रश्न निष्काळजीपणाचा राहत नाही, सचोटीचा होतो, आणि तो गोपनीय अहवालापासून पदोन्नतीपर्यंत सगळीकडे मागे येतो.

कदाचित प्रांत साहेब पत्र वाचून म्हणतील, राहू द्या हो मॅडम, एवढ्या तेवढ्यावरून काय, तुम्हीच करून टाका. असं तोंडी म्हणाले तर खाली येऊन त्याच दिवशी टिपणी टाका, "आज समक्ष चर्चेत दिलेल्या निर्देशानुसार चौकशी माझ्याकडेच ठेवण्याबाबत लेखी आदेश व्हावेत." तुमच्या-माझ्या वर्तणूक नियमांत, १९७९ च्याच, नियम ३ मध्ये हे आहे, वरिष्ठाच्या निर्देशाने काम करायचं असेल तर शक्यतो निर्देश लेखी घ्यायचा आणि ते जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यायची. सुप्रीम कोर्टानेही २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात तोंडी आदेशांबद्दल हेच सुनावलं होतं, की ते नोंदवले गेले पाहिजेत. हे साहेबांना ऐकवू नका, टिपणीतही नियम नंबर टाकून शहाणपणा दाखवू नका, नुसती नम्र विनंती. मी पाहिलंय, नम्र टिपणीला साहेब लोक जितके घाबरतात तितके युनियनच्या मोर्चाला नाही घाबरत.

आता तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट, जी तुमच्या लक्षात आली नाही असं मला वाटतं. तुम्ही लिहिता दोन्हीकडून दबाव आहे. मी ओळ ओळ बघितली. पीए म्हणतो तलाठ्याचं काय व्हायचं ते होऊ द्या. विरोधी गट म्हणतो तलाठ्याला निलंबित करा. म्हणजे तलाठ्याबद्दल दोघांचं एकमत आहे! त्याला वाचवा असं तुम्हाला संघटना सोडून कोणीच म्हणत नाहीये. मग फोन कशासाठी? "त्याच्यापुरता ठेवा" यासाठी. हद्द आखून देण्यासाठी. लोकांना वाटतं राजकीय दबाव म्हणजे दोषी माणसाला सोडवणं, तसा असतोही, पण त्याहून जास्त वेळा तो एक माणूस बळी देऊन फाइल बंद करण्यासाठी असतो, आणि बळीचा माणूस नेहमी सगळ्यात खालच्या पायरीवरचा. आरडाओरडा करणाऱ्यालाही तेवढ्याने समाधान वाटतं, कारण उपोषण सोडायला निलंबनाची ऑर्डर आणि लिंबूपाणी पुरतं.

मी असं म्हणत नाही की तुमचे तहसीलदार किंवा ऑपरेटर किंवा आणखी कोणी यात आहेत. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही अजून माहीत नाहीये. पण पैसा कसा गेला ते बघा ना. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं मिळून करतात. त्यावरून यादी होते, यादी तहसीलला येते, तिथे पोर्टलवर चढते, मंजूर होते, मग शेतकऱ्याला व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) मिळतो, तो सेतू केंद्रावर जाऊन केवायसी करतो आणि आधार जोडलेल्या खात्यात पैसे पडतात. २०२५ मध्ये दर होते हेक्टरी ८,५०० रुपये जिरायतीला, १७,००० बागायतीला, २२,५०० फळबागेला, म्हणजे जिरायतीचं नुसतं बागायत केलं तरी रक्कम दुप्पट. प्रश्न इतकाच की बोगस नाव यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर शिरलं. तिघांच्या सहीच्या पंचनाम्यात ते नाव आहे का? नसेल आणि तहसीलला आलेल्या यादीत असेल तर मधे काय झालं? तिथेही नसेल आणि फक्त पोर्टलवर असेल तर कोणाच्या लॉगिनवरून, किती वाजता, कुठल्या मशीनवरून चढलं? २०२५ मध्ये जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडे अतिवृष्टी अनुदानाचं जे प्रकरण गाजलं, त्यानंतर तर हा प्रश्न न विचारणारा चौकशी अधिकारी एकतर भोळा आहे किंवा त्याला विचारायचा नाहीये असंच लोक म्हणणार.

त्याच वेळी तलाठ्याच्या रडण्यालाही पुरावा समजू नका. (आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच, तेव्हा मीही तलाठीच म्हणतो.) माझी यादी वेगळी होती म्हणतो ना, मग दाखव म्हणावं. सहीची स्थळप्रत असेल, आवक-जावकला नोंद असेल, व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ असेल तर तारखेसकट. आणि लॉगिन ऑपरेटरकडे असायचं हे त्याचं वाक्य अर्धा बचाव आणि अर्धी कबुली आहे. आपला पासवर्ड, आपली डीएससी दुसऱ्याच्या हातात द्यायची हा त्याचाही कसूर आहेच, सगळेच देतात म्हणून तो कसूर नाहीसा होत नाही. पैसे परत भरून घेतले, चलन आहे, असंही कोणी सांगेल. चलन लावा फाइलला, वसुली झाली हे चांगलंच, पण पैसे भरले म्हणजे प्रकार घडलाच नाही असं होत नाही.

तो बायकोला घेऊन घरी आला, तुम्ही आत घेतलंत, माणुसकी म्हणून ते समजू शकतो. पण त्या भेटीची नोंद तुमच्या डायरीत आहे का? नसेल तर आज करा, आला ती तारीख, साधारण वेळ, काय बोलला, तुम्ही काय सांगितलं. कारण उद्या तोच वकिलाच्या सांगण्यावरून म्हणेल मॅडमनी घरी बोलावून पैसे मागितले, आणि तुमच्याकडे दाखवायला काय आहे? पुन्हा आला तर दारातच, भाऊ ऑफिसला या, लेखी द्या, पोच देते.

फोनचंही तसंच. आमदार निवडून आलेला माणूस आहे, त्याला चौकशी कुठपर्यंत आली विचारायचा हक्क आहे, उशीर का म्हणून रागवायचाही आहे, त्याच्याशी आणि त्याच्या पीएशी आवाज चढवून बोलायचं नाही. एवढंच म्हणायचं, "साहेबांना नमस्कार सांगा, त्यांचं जे म्हणणं असेल ते पत्राने द्या, मी रेकॉर्डवर घेते." शंभरातली नव्वद पत्रं कधी येत नाहीत. आणि दहा आली तर ती फाइलला लागतात, तो तर आणखी चांगला पुरावा. हक्कभंगाची भीती कोणी घातली तर घाबरू नका, पीएने फोनवर सांगितलेलं ऐकलं नाही एवढ्याने हक्कभंग होत नसतो. मानपान मात्र सांभाळा, पत्राला उत्तर वेळेत द्या, कार्यक्रमाला उठून उभ्या राहा, त्यात कुठे सापडू नका. रेकॉर्डिंग केलंच असेल तर ते घरात राहू दे, ग्रुपवर टाकायची खुमखुमी येईल, येऊ द्यायची नाही.

तुम्हाला सोलापूर जिल्ह्यातलं कुर्डूचं प्रकरण आठवत असेल, २०२५ चं. मुरूम उपशावर कारवाईला गेलेल्या आयपीएस बाईंच्या हातात कार्यकर्त्याने फोन दिला, पलीकडे उपमुख्यमंत्री, आणि त्या म्हणाल्या माझ्या नंबरवर फोन करा. नंतर उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की हस्तक्षेपाचा हेतू नव्हता, तिथली परिस्थिती शांत राहावी म्हणून बोललो, ते असो. मला त्यातलं बाईंचं वाक्य आवडलं. धाडसाचं म्हणून नाही हो, कामाचं म्हणून. दुसऱ्याच्या फोनवरचा आवाज कोणाचा हे आपल्याला कसं कळणार? तुम्हाला जे तीन फोन आले ते पीएच्या नंबरवरूनच होते ना, की कोणाच्या तरी? हेही बघून ठेवा.

आणि समजा दबावापुढे वाकून अहवाल त्याच्यापुरता ठेवलात, तर कायद्यात त्याचं काय होतं ते पण ऐका, गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे. अंधेरीला एकाला सिनेमागृह बांधायचं होतं, पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली आणि मग सरकारने सांगितलं म्हणून रद्द केली. गोरधनदास भानजी त्याचं नाव. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, कायद्याने निर्णयाचा अधिकार आयुक्ताला दिलाय तर डोकंही त्यानेच चालवायला पाहिजे, वरून सांगितलं म्हणून केलं हे चालायचं नाही. १९९१ मध्ये सिंडिकेट बँकेच्या नागराज कारजगींच्या प्रकरणात शिक्षेच्या बाबतीतही तेच, शिक्षा किती द्यायची हे दुसऱ्याने सांगायचं नाही. म्हणजे वरून सांगितलं होतं हा तुमचा बचावच नाहीये, उलट ते कबूल केलंत तर आणखी अडकाल.

वरिष्ठांना तुमचा किंवा पुढच्या चौकशी अधिकाऱ्याचा निष्कर्ष पटला नाही तर त्यांना वेगळं मत घ्यायची मोकळीक आहेच की. विभागीय चौकशीच्या अहवालाशी असहमत व्हायचं तर कारणं लिहून, ती कर्मचाऱ्याला कळवून, त्याचं ऐकून मग निर्णय, हे १९९८ च्या कुंजबिहारी मिश्रा निकालापासून पक्कं आहे. मला हे फार सोयीचं वाटायचं. कोणी आग्रह धरला की मी म्हणायचो, साहेब मी जे दिसलं ते लिहितो, तुम्ही खाली तुमचं मत लिहा ना, नियमात सोय आहे. आजवर एकाही साहेबाने पेन उघडलं नाही.

ही हुशारी मला उशिरा आली, हेही सांगून टाकतो. नोकरीच्या मधल्या काळात माझ्याकडे एका कर्मचाऱ्याची चौकशी होती, धान्याच्या हिशोबाची, आणि वरून निरोप यायचा, जरा एक महिना थांबा. मी थांबायचो. कोणी अन्याय करायला सांगत नव्हतं, खोटं लिहायला सांगत नव्हतं, फक्त थांबायला सांगत होतं, त्यामुळे मनालाही लागत नव्हतं. सहा वेळा एक महिना थांबलो. तो माणूस सेवानिवृत्त झाला, दोषारोपपत्र तोवर निघालेलं नव्हतं, आणि मग निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७ आडवा आला, की निवृत्तीनंतर नव्याने कारवाई सुरू करायची तर शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. आमची जुनी झाली होती. प्रकरण गेलं. मग विलंब कोणी केला म्हणून मेमो आला तो मला. निरोप देणाऱ्याचा एक कागद माझ्याकडे नव्हता. फाइलवर तारखा फक्त माझ्या होत्या.

म्हणून तुमचा तो दीड महिना मला खटकतो. १५ दिवसांची मुदत संपली तेव्हा मुदतवाढ मागितलीत का? नसेल तर उद्याच्याच पत्रात दुसरा परिच्छेद करा, आजवर किती जबाब झाले, काय राहिलं, उशीर कशामुळे. "तलाठी संघटनेने इशारा दिला म्हणून" असं नको, जे खरंच राहिलंय ते लिहा, पोर्टलची माहिती मिळाली नाही, बँकेने खात्यांचा तपशील दिला नाही वगैरे. तपशील मागितलाच नसेल तर मागितला नाही असं लिहा.

उपोषणवाल्यांचं फार मनावर घेऊ नका. निलंबन ही शिक्षा नाहीये आणि ते तुमच्या हातातही नाहीये, शिस्त व अपील नियमांतल्या नियम ४ खाली सक्षम प्राधिकारी ठरवेल, आणि घाईत केलं तर २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालामुळे तीन महिन्यांत दोषारोपपत्र द्यायची वेळ येते, ते झालं नाही की माणूस हार घालून परत येतो. गुन्हा दाखल करायचा की नाही तेही वर ठरेल, पोलिसांचं काम आणि खात्याची चौकशी दोन्ही आपापल्या वाटेने चालतात. या लोकांना समोर बसवून त्यांच्या तक्रारीचा रीतसर जबाब घ्या, कोणती नावं बोगस, कशावरून म्हणता, कागद द्या. ओरडणाऱ्यांतले दोघं तिघं खरंच माहिती असलेले असतात, आणि त्यातला एखादा तुम्हाला पंचनाम्याची झेरॉक्स काढून देईल जी तुमच्या ऑफिसात सापडत नव्हती. शूटिंग करतात तर करू द्या, तुम्ही तेवढं बोलताना कोणावर निष्कर्ष काढू नका. एवढं बघा की अहवालावर १४ ऑगस्ट ही तारीख नको. तसला अहवाल बघून समोरचा वकील खूश होतो.

संघटनेला वेगळं काही सांगायची गरज नाही. त्यांना एकच कळवा, प्राथमिक चौकशीत कोणी दोषी ठरत नाही, इथले जबाब म्हणजे शेवटचा पुरावा नाहीत, दोषारोप आले तर त्याला जोडपत्रं मिळतील, कागद मिळतील, उलटतपासणी मिळेल, बचाव सहायक मिळेल. त्यांच्या पोराला एकट्याला लटकवू नये हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. डीएससी जमा केल्या तर मात्र फेरफार आणि दाखले अडकून गावातली माणसं वैतागतील, हे त्यांनाही माहितीये.

मेडिकल टाकू नका, निदान पत्राच्या आधी तरी नको. तुम्ही रजेवर, फाइल दुसऱ्याकडे, आणि त्याला तुमची सही सापडली, मग त्या रजेचा अर्थ काय लावतील ते मी सांगायला नको. पत्र दिल्यावर, चौकशी दुसऱ्याकडे गेल्यावर, खुशाल आठ दिवस माहेरी जाऊन या.

बदली? होऊ शकते. २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, तीन वर्षांचा साधारण कालावधी आहे, त्याआधी हलवायचं तर लेखी कारणं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, आणि कारणं नसलेले आदेश मॅटने (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने) अनेकदा रद्द केलेत. पण मॅटला जायचं म्हणजे खर्च आहे, तारखा आहेत, स्थगिती मिळेलच असं नाही. पोरांची शाळा मधेच सोडावी लागली तर त्रास होतो, तो होतोच. मी दोनदा झालोय मुदतीआधी, एकदा भांडलो, एकदा सामान बांधलं.

राहिला हस्तांतराचा भाग, आणि इथे कंटाळा करू नका. चौकशी तुमच्याकडून काढली की फाइल तशीच उचलून देऊ नका. प्रत्येक पानाला नंबर घाला, वर सूची लावा, कोणाचा जबाब कोणत्या पानावर, मूळ कागद कोणते आणि झेरॉक्स कोणत्या. तुमची सही असलेली ती पुरवणी यादी सगळ्यात वर ठेवा, खाली दाबू नका. पोर्टलच्या लॉगिनचा तपशील मागवणारं पत्र अजून गेलं नसेल तर ते चौकशी हातात आहे तोवर जिल्ह्याला पाठवा, म्हणजे पुढचा अधिकारी कोणीही आला तरी ती मागणी रेकॉर्डवर राहील आणि "त्याच्यापुरता ठेवा" म्हणणाऱ्याला ती फाइलमधून काढता येणार नाही. तुमचा स्वतःचा निष्कर्ष लिहून देऊ नका, अगदी कच्चा, पेन्सिलीतलासुद्धा नको. घरी काही कागद नेले असतील (आपण सगळेच नेतो) ते परत आणा. सगळं दिल्यावर पानांची संख्या लिहून पोच घ्या.

आणि उद्याचं ते एक पान आवक-जावकच्या टेबलावर स्वतः घेऊन जा, जावक नंबर तुमच्यासमोर टाकून घ्या. मॅडम ठेवा, दुपारून टाकतो म्हणाला, तर तिथेच उभ्या राहा.